बाहेरची कड

"काका, हा उजव्या पायाचा," असं म्हणून हाडांच्या विभागातल्या नवीन बाईंनी कापसात गुंडाळलेला तुकडा माझ्या टेबलावर ठेवला आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

तुकडा बोटाच्या पेराएवढा होता. काळसर, आकाराच्या मानानं जड, एका टोकाला गुळगुळीत. आमच्या संग्रहालयाच्या मोठ्या दालनात डायनोसॉरचा जो सांगाडा उभा आहे, त्याच्या उजव्या मांडीच्या हाडातून बाईंनी तो त्याच सकाळी काढून आणला होता. डाव्या मांडीला असंच एक भोक वीस वर्षांपूर्वी पडलं होतं. त्यातून निघालेला तुकडाही याच टेबलावर आला होता. त्याचं मी काय केलं हे मला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि निवृत्तीला तीन आठवडे उरलेले असताना ते कुणाला कळावं अशी माझी मुळीच इच्छा नव्हती.

"परवानगी कशी काय मिळाली?" मी विचारलं. "पायाला पुन्हा हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना?"

"एकाच भोकाची मिळालीय. महिनाभर संचालकांच्या दारात बसले होते मी." बाई खूश होत्या. वय तिशीचं, उत्साह शाळेतल्या मुलीचा. "एक संग्रहालय तक्ता करतंय, हे प्राणी किती वर्षं जगायचे त्याचा. आपला आकडा त्यांनी मागितलाय. पण आपला आकडा डाव्या पायाच्या एकाच काचेवर उभा आहे, काका. दोन्ही पायांचा जुळला की मी छातीठोकपणे लिहून देईन."

"आणि नाही जुळला तर?"

"न जुळायला काय झालं? पाय एकाच जनावराचे आहेत ना?"

मी बशीतला चहा कपात ओतला आणि तुकडा खणात ठेवून दिला.

माझं काम सांगायला सोपं आहे. हाडाचा तुकडा राळेत बुडवून घट्ट करायचा, त्याची चकती कापायची, ती काचपट्टीवर चिकटवायची आणि मग पावडर आणि पाणी टाकून जाड, सपाट काचेवर गोल गोल घासत बसायचं, इतकं की हाडातून उजेड आरपार जावा. इथे येण्याआधी मी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचो. त्यामुळे हाताला सवय होती. संग्रहालयात लहानथोर सगळे मला पातळकाका म्हणतात. बायकोचं म्हणणं असं की माझ्या हातात साबणाची वडी दिली तरी दोन दिवसांत तिच्यातून पलीकडचं दिसेल.

उजेड आरपार गेला की हाडात रेषा दिसतात. वर्षातले वाईट दिवस आले की जनावराची वाढ थांबते आणि एक रेषा उमटते. चांगले दिवस आले की हाड पुन्हा भरायला लागतं. एक रेषा म्हणजे एक वर्ष. आतल्या पोकळीजवळच्या एकदोन रेषा जनावर मोठं होताना पुसल्या जातात, त्या अंदाजानं मिळवायच्या. पण सगळं रहस्य असतं बाहेरच्या कडेला. जनावराची वाढ पुरी झाली की शेवटच्या रेषा एकमेकींना खेटून, दाटीवाटीनं उमटतात. ती दाटी दिसली तर जनावर पुरतं वाढलेलं होतं. नाही दिसली तर ते वाढत्या वयातच गेलं. आणि नेमकी हीच कड घासताना सगळ्यात आधी उडते. म्हणून आमच्या कामात पहिला धडा एकच, कड जपा.

वीस वर्षांपूर्वी मी तो धडा विसरलो. तेव्हा इथे मोठ्या बाई होत्या. नव्या बाईंच्या आधीच्या, सगळ्या विभागाला धाकात ठेवणाऱ्या. डाव्या पायाच्या तुकड्याच्या दोन चकत्या निघाल्या. पहिली काचपट्टीवरून सुटून फुटली. मोठ्या बाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला आठवडाभर पुरलं. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती, दर सहा महिन्यांनी कागदावर सही व्हायची. दुसरी चकती मी जिवापाड जपत घासत होतो. अर्धी पातळ झाल्यावर मायक्रोस्कोपखाली पाहिली. कडेला एक काळपट पट्टा दिसत होता. दाटीच्या रेषा होत्या की चिकटवलेल्या राळेचा डाग, ते अजून कळत नव्हतं. आणखी थोडं घासायला हवं होतं.

मी घासायला घेतलं आणि तेवढ्यात शिपाई दारात आला. "हॉस्पिटलातून फोन. तुमच्या घरच्यांना आत घेतलंय."

बायकोला सातवा महिना चालू होता. लग्नानंतर अकरा वर्षांनी दिवस गेले होते. मी शिपायाला विचारत राहिलो, कधी, कुठे, काय म्हणाले, शुद्धीवर आहे का, आणि तो बिचारा तेच तेच सांगत राहिला. या सगळ्यात माझा हात मात्र फिरतच होता. घासणाऱ्याचा हात असतोच तसा, डोकं गेलं तरी तो चालतो. खाली पाहिलं तेव्हा अंगठ्याखालची बाजू स्वच्छ झालेली होती. कड नव्हती. काळा पट्टा नव्हता. नुसती काच होती.

मी तसाच हॉस्पिटलात पळालो. मुलगी झाली होती. दोन हातांत मावेल एवढी, काचेच्या पेटीत. डॉक्टर म्हणाले, बघू. तीन दिवस ते बघूच म्हणत होते.

चौथ्या दिवशी कामावर आलो तर मोठ्या बाई काच मायक्रोस्कोपखाली लावून बसल्या होत्या. डोळा न काढता त्यांनी विचारलं, "ही खरीच कड आहे ना? मूळची?"

आमच्या नोंदवहीत एक रकाना असतो. कड शाबूत की कड गेलेली. फुटलेली पहिली चकती, कच्ची नोकरी आणि काचेच्या पेटीतली ती मूठभर पोर, हे तिन्ही एकदम माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी म्हणालो, "हो." आणि रकान्यात लिहिलं, शाबूत.

मोठ्या बाईंनी रेषा मोजल्या. सतरा दिसणाऱ्या, दोन पुसलेल्या. कडेला दाटी नाही. त्यांनी त्यावर मोठा लेख लिहिला आणि दालनातली पाटी बदलली. आधीच्या पाटीवर लिहिलं होतं की एवढा मोठा प्राणी शेकडो वर्षं जगत असावा. नव्या पाटीवर आलं, 'हा प्राणी एकोणिसाव्या वर्षी, पूर्ण वाढ होण्याआधीच मरण पावला.' शाळेच्या सहली यायच्या. शाळेच्या बाई मुलांना पाटी वाचून दाखवायच्या आणि हमखास एखादी मुलगी म्हणायची, "बिच्चारा."

मी शास्त्राच्या कामातला माणूस. नवससायास, शकुन-अपशकुन यांवर माझा विश्वास नाही. तरीपण मनात एकदा पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. ज्या दिवशी मुलगी जन्मली, त्याच दिवशी मी एका जिवाचं आयुष्य एकोणीसवर आणून थांबवलं होतं. ती लहान होती तोवर एकोणीस हा आकडा लांब होता. गेल्या वर्षी तिचा एकोणिसावा वाढदिवस झाला आणि माझा जीव टांगणीला लागला. आता तिला वीस पुरी व्हायला अकरा दिवस उरले होते.

आणि मुलीनं काम तरी कुठलं निवडावं? लिफ्ट दुरुस्तीचं. दिवसभर उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरींत, लिफ्टच्या टपावर उभं राहून ग्रीस लावायचं.

त्या संध्याकाळी ती घरी आली आणि हात धुता धुता म्हणाली, "बाबा, आज तू पाच वेळा फोन केलास. आमचे मुकादम विचारत होते, घरी कुणी आजारी आहे का."

"पट्टा लावला होतास ना?"

"लावला होता. हेल्मेट घातलं होतं. मेन स्विच बंद केला होता. वर पाटी अडकवली होती. अजून काय राहिलं?"

"बूट?"

"अनवाणी गेले होते." तिनं आईकडे पाहिलं. "आई, याला सांग ना काहीतरी."

"मी काय सांगू?" बायको म्हणाली. "मागच्या वाढदिवसापासून हे असंच चाललंय. परवा तू झोपलेली असताना दारातून बघत उभे होते. मी म्हटलं, अहो, मुलगी आहे ती, दूध नाही उतू जायला."

मुलगी हसली. मग टॉवेलला हात पुसत माझ्यासमोर येऊन बसली. "खरं सांग. काय झालंय?"

"काही नाही. रिटायर होतोय ना. डोकं रिकामं झालं की असं होतं."

"वीस वर्षांची झाले की थांबशील?"

"थांबेन," मी म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

राळ सुकायला एक दिवस गेला. चकती कापून चिकटवण्यात दुसरा. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीचं दार लावून घेतलं, फोन बंद करून खणात टाकला आणि घासायला बसलो. फोन वीस वर्षांपूर्वी बंद करता आला असता तर, असा एक विचार मनात येऊन गेला. तेव्हा फोन शिपायाच्या तोंडून यायचा, त्याला बंद कसं करणार?

दुपारपर्यंत चकती अर्धी पातळ झाली. काच पुसली, मायक्रोस्कोपखाली धरली. कडेला काळपट पट्टा होता. अगदी तसाच, त्याच जागी.

 मी काच टेबलावर ठेवली, उठून खिडकी उघडली, पुन्हा लावली. खोटं सांगत नाही, मी विचार केला. फार नाही, चार फेरे पुरेसे होते. अंगठा बाहेरच्या बाजूला थोडा दाबून धरायचा. कशी जाते कड ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? दोन्ही पाय जुळले असते. तक्त्यात एकोणीस गेलं असतं. मी हारतुरे घेऊन घरी गेलो असतो आणि माझ्यामागे ते सांगाड्याचं एकोणीस तसंच राहिलं असतं, पुढची शंभर वर्षं.

तेच मला नको होतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. पकडलं जाण्याची भीती होतीच, पण त्या आकड्याची भीती तिच्याहून मोठी होती. तो पुसायची एकच वाट होती आणि ती त्या काळ्या पट्ट्यातून जात होती. मी बसलो. अंगठा उचलून धरला आणि नुसत्या दोन बोटांवर, जवळजवळ हात न लावल्यासारखं घासायला लागलो. दहा फेरे, पुसायचं, बघायचं. दहा फेरे, पुसायचं, बघायचं. मान आखडली. पट्टा हळूहळू उजळत गेला आणि चारच्या सुमाराला त्यातून रेषा निघाल्या. केसांसारख्या बारीक, एकमेकींना खेटलेल्या.

मोजल्या. पुन्हा मोजल्या. आतल्या सतरा तशाच होत्या, आणि त्यांच्याबाहेर बारा. मी टेबलावर डोकं टेकलं आणि रडलो. कशाचं रडू होतं ते सांगता येणार नाही, पण बरं वाटत होतं एवढं नक्की.

तोंड धुऊन नवीन बाईंना बोलावून आणलं. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावून रेषा मोजल्या. मग एकदम उभ्या राहिल्या. "काका, दाटी आहे. बारा आहेत ना?"

"बारा."

"म्हणजे सतरा आणि बारा एकोणतीस, आणि आतल्या दोन. एकतीस. काका, हे पोर नव्हतंच. हे चांगलं मोठं झालेलं जनावर होतं." त्या खोलीत येरझाऱ्या घालायला लागल्या. मग थबकल्या. "पण मग डाव्या पायात का दिसली नाही?"

मी टेबलावरची पावडर पुसायला लागलो.

"मातीत झिजली असेल डाव्या पायाची कड," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "सांगाडा डाव्या कुशीवर पडलेला सापडला होता ना? पाण्यानं, वाळूनं झिजली असणार. असंच असणार."

बघा, माणसाला सुटायची वाट कशी समोर चालून येते. मी नुसतं हो म्हणायचं होतं. पूर्वी म्हटलं होतं, तसंच.

"नाही," मी म्हणालो. "ती माझ्या अंगठ्यानं झिजली."

कपाटातून जुनी काच काढून मी त्यांच्यापुढे लावली. कडेकडे जाताना हाडाचे रंग कसे फिके होत जातात ते दाखवलं. तिथे जास्त घासलं गेलं की असं होतं. मग नोंदवही काढली, रकाना दाखवला, माझं अक्षर दाखवलं. सगळं सांगितलं. फोनचं, शिपायाचं, पेटीतल्या मुलीचं. आकड्याच्या भीतीचं मात्र सांगितलं नाही. ते सांगायला मला लाज वाटली.

बाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काका, हे आज तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलंही नसतं."

"हो."

"मोठ्या बाईंचा लेख दुरुस्त करावा लागेल. त्यांना कळवायला हवं."

"मी जातो. मीच सांगतो."

मोठ्या बाई निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून बसनं त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. बाई खुर्चीत बसल्या होत्या, एक पाय प्लास्टरमध्ये, स्टुलावर ठेवलेला. हातात भिंग घेऊन शब्दकोडं सोडवत होत्या.

"या. माझ्या रेषा मोजायला आलात वाटतं," त्यांनी पायाकडे बोट केलं. "न्हाणीघरात पडले. डॉक्टर म्हणतो, हाडं पातळ झालीत. मी म्हटलं, अहो, पातळ कशाला म्हणतात ते आमच्याकडे येऊन बघा."

मी बसलो नाही. बसलो असतो तर इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या असत्या आणि मी परत निघालो असतो. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

बाईंनी भिंग मांडीवर ठेवलं. त्यांचा चेहरा उतरत गेला आणि मग त्यावर जुना राग आला, विभागातला. "तो लेख कुठे कुठे गेलाय माहितीये तुम्हाला? किती जणांनी त्यावर पुढचं लिहिलंय? अकरा वर्षं रोज माझ्यासमोर बसून चहा प्यायलात तुम्ही. एकदा म्हणावंसं वाटलं नाही?"

"रोज वाटायचं, बाई."

"मग? फोन आला होता, हात सुटला, एवढं बोलला असतात तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"हो, खाल्लंच असतं," मी म्हणालो.

हे माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे.  बाईंच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "खाल्लं असतं," त्या म्हणाल्या. "बसा आता. शिक्षा दिल्यासारखे उभे राहू नका."

मी बसलो. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"कडेचे रंग फिके होते," त्या म्हणाल्या. "मला दिसले होते ते. म्हणून तर विचारलं तुम्हाला. तुम्ही हो म्हणालात आणि मला बरं वाटलं. वाढत्या वयाचं जनावर मिळालं तर लेख चांगला होणार होता. पुन्हा विचारायला हवं होतं मी. नाही विचारलं." त्यांनी भिंग उचललं आणि पदरानं पुसलं. "किती आहेत दाटीच्या?"

"बारा. एकूण एकतीस."

"नीट मोजल्यात?"

"नऊ वेळा. नवीन बाईंनी वेगळ्या मोजल्या."

"एकतीस," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "अहो, म्हणजे पुरतं जगलं की ते. ती पाटी लिहिली ना, तेव्हा दोन दिवस मला जेवण गेलं नव्हतं. एवढं मोठं जनावर आणि पोरवयात गेलं म्हणून. कुणाला सांगणार हे? हसले असते सगळे."

मग मीही त्यांना राहिलेलं सांगितलं. मुलीचं, एकोणीसचं, पाच-पाच वेळा फोन करण्याचं. वीस वर्षांत बायकोला सांगितलं नव्हतं ते प्लास्टरमधल्या बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"कितवं सरतंय तिचं?"

"येत्या गुरुवारी वीस पुरी."

"मग गुरुवारीच पाटी बदला," बाई म्हणाल्या. "कागद घ्या. मजकूर मी सांगते. आणि दुरुस्तीचा लेखही मीच पाठवणार. त्यात तुमचं नाव जाईल. घासताना कड गेली, कुणाच्या हातून गेली आणि दुसरी काच कुणी केली, सगळं."

माझं नाव आजवर कुठेच छापून आलं नव्हतं. शेकडो काचा केल्या, त्यांवर मोठमोठे लेख झाले. शेवटी आभारांत लिहायचे, तंत्रज्ञांचे सहकार्य लाभले. आता पहिल्यांदा नाव छापणार होतं ते चुकीपायी. पण नवल असं की मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी मजकूर लिहून घेतला.

गुरुवारी दुपारी मुलगी कामावरून थेट संग्रहालयात आली. वाढदिवसाची सुट्टी तिनं घेतली नव्हती. आमच्या सुतारानं पाटी करून ठेवली होती, पण लावायची होती उंचावर, सांगाड्याच्या मागच्या भिंतीला, आणि सुताराचा गुडघा दुखत होता. मुलगी म्हणाली, "शिडी कुठंय? दोन मिनिटांचं काम आहे." आणि कमरेच्या पिशवीतून पेचकस काढून वर चढली. मी दोन्ही हातांनी शिडी धरली.

दालनाचा रखवालदार बाजूला उभा राहून बघत होता. तो माझ्याही आधीपासून इथे आहे. "मी नोकरीला लागलो तेव्हा पोरांना तीनशे वर्षं सांगायचो," तो म्हणाला. "मग तुम्ही म्हणालात एकोणीस. आता एकतीस. एकदा काय ते ठरवा की राव. लोकं मला खोटारडा म्हणतात."

"तुम्ही नव्हतात हो खोटारडे," मी म्हणालो.

चार स्क्रू निघाले. जुनी पाटी खाली आली. तिच्यामागे भिंतीचा रंग ताजा राहिला होता, आणि नवी पाटी थोडी लहान झाल्यामुळे तिच्या चारी बाजूंनी त्या रंगाची पट्टी दिसत राहिली. सुतार म्हणाला, रंगवून टाकू उद्या. मी म्हटलं, राहू द्या.

मुलीनं शेवटचा स्क्रू पिळला आणि वरूनच मोठ्यानं वाचलं. "हा प्राणी सुमारे एकतीस वर्षं जगला. त्याची वाढ पूर्ण झाली होती." मग तिनं मान वळवून समोरच्या त्या प्रचंड कवटीकडे पाहिलं. तिचं डोकं आणि ते डोकं एका उंचीवर होतं. "बरंच जगलास की रे," ती त्याला म्हणाली.

खालून एक शाळेची सहल जात होती. त्यांच्या बाईंनी पाटी वाचून दाखवली. या वेळी 'बिच्चारा' कुणी म्हणालं नाही. मुलं पुढच्या दालनात निघून गेली.

मी सांगाड्याच्या पायांकडे बघत होतो. डाव्या मांडीला एक भोक, उजव्या मांडीला एक भोक, दोन्ही राळेनं बुजवलेली. नवं जरा जास्त चकाकत होतं.

"बाबा," मुलीचा आवाज अगदी कानाशी आला. ती माझ्या शेजारी उभी होती, पेचकस पिशवीत घालत. "मी केव्हाच उतरलेय. सोड आता शिडी."